मावशींचा वळसा

हॉस्पिटलात रस्ता दाखवणारे चष्मे आणणाऱ्या साहेबांनी स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशींना सगळ्यांदेखत झापलं. “चष्म्यातला हिरवा बाण ऑपरेशन थिएटरला सरळ नेतो, तरी तुम्ही रोज मागून वळसा घालता! स्क्रीनवर एकेक पाऊल दिसतं मला.” मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षांत त्यांनी ऑपरेशनला निघालेला एकही पेशंट शवागाराच्या दारावरून नेला नव्हता आणि बाण नेमका तिथूनच जात होता. “झोपा स्ट्रेचरवर. तुमचा रस्ता एकदा आडवं पडून बघा.” साहेब हसत आडवे झाले. मावशी चष्मा चढवून बाणामागे निघाल्या. शवागाराचं दार उघडं होतं. आतून प्रेत बाहेर काढत होते. प्रेताच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली नावाची चिठ्ठी साहेबांच्या नाकासमोरून गेली. साहेबांनी डोळे गच्च मिटले. “मावशी, वळवा लवकर!” मावशींनी स्ट्रेचर तिथंच थांबवलं. “वळले तर तुमच्या स्क्रीनवर दिसेल, साहेब.”