दीड तासाच्या अंतरावर

“निघालाय तो. दीड तासात पोचतोय,” बाबांनी आईच्या कानाशी वाकून सांगितलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे असं पाहिलं, जणू डेपोतून गाडी आत्ताच सुटली.

मुलगी पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. भावाचं विमान नुकतंच उडालं होतं, हे खरं. ते पंधरा तासांनी उतरणार होतं, हेही खरं. आणि डॉक्टरांनी मघाशी तिला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं होतं की, संध्याकाळ निघाली तरी पुष्कळ. हात चोळत उभं राहण्यापलीकडे तिला काही करता येत नव्हतं.

दीड तासाचं हे खूळ चार वर्षं घरात नांदत होतं. बाबांनी जन्मभर बस चालवली. धाकट्याचं परदेशाचं पहिलं तिकीट हातात आलं तेव्हा त्यांनी सुटायची वेळ पाहिली, नऊ. पोचायची पाहिली, साडेदहा. वजाबाकी करून मोकळे झाले. तिकडची घड्याळं आपल्या मागे चालतात, हे कुणी सांगू लागलं की कानामागे टाकायचे. उलट शेजाऱ्यांनाच सुनावायचे, माझा मुलगा दीड तासावर आहे, तुमचा पलीकडच्या गल्लीत राहून महिना महिना तोंड दाखवत नाही. मग येताना त्याची अख्खी रात्र का जाते? तर म्हणे, येताना गाडी थांबे घेत येते. आई मान डोलवायची. या दीड तासाच्या भरवशावरच तर तिनं धाकट्याला जाऊ दिलं होतं.

दीड तास झाला. दोन झाले. बाबा खिडकीशी जात, खालच्या गाड्या पाहत, परत येऊन आईचं पांघरूण सारखं करत. विमानतळावरून इकडे यायचा रस्ता या वेळी तुंबतो, असं त्यांनी तिला समजावलं. तिनं डोळे मिटूनच हुंकार दिला. शेवटी, त्याला वॉर्ड सापडायचा नाही, मी फाटकाशी थांबतो, असं म्हणून ते खाली गेले.

त्यांची पावलं जिन्यात विरली तशी आईनं नाकातोंडावरचा मास्क बाजूला केला. मुलगी वाकली.

“त्यांना सांग, विमान लेट झालंय.” आई श्वासासाठी थांबली. “पंधरा तास म्हणू नकोस. लेट होणं त्यांना कळतं. लांब असणं सोसायचं नाही.”

“तुला ठाऊक होतं?”

“मी काय वेडी आहे? फोनवर तो म्हणायचा, आत्ता उठलो. इथं दिवे लागलेले असायचे.” ती हसल्यासारखी झाली. “जा. वाट बघत ताटकळतील ते.”

मुलगी खाली आली. बाबा फाटकाशी रस्त्याकडे पाठ करून उभे होते. एक टॅक्सी आत शिरली, माणसं उतरली. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

“बाबा, विमान लेट आहे.”

ते चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. मग तो डोळ्यांना न लावताच म्हणाले, “तिनं पाठवलं ना तुला?”

त्यांनी चष्मा खिशात ठेवला.

“वर जा. सांग तिला, बाबांना पटलं.”