पार्श्वभूमी: नाही

"सर, काकू तुम्हाला कार्ड देतायत," शेजारी बसलेली गिटारवाली मुलगी म्हणाली.

सरांनी हात पुढे केला, कार्ड घेतलं आणि त्यावरून अंगठा एकदा इकडून, एकदा तिकडून फिरवला. "गुळगुळीत आहे," ते म्हणाले. "माझ्या काही कामाचं नाही, काकू. मला दिसत नाही."

तिनं पुढे केलेला हात मागे घेतला. अर्धा तास ती या माणसाकडे बघत होती. संगणकांच्या दोन रांगांमधून तो न अडखळता फिरत होता, भिंतीवरचे स्पीकर अचूक लावत होता, कळफलकाकडे न बघता टाइप करत होता. तिला वाटलं होतं, सराईत माणसं अशीच काम करतात.

कार्ड तिनं घरी तीनदा लिहून पाहिलं होतं. 'ऑपरेशनमुळे बोलत नाही. संगीताची पार्श्वभूमी: नाही.' पहिली ओळ निम्मी खरी होती. दुसरी साफ खोटी होती.

औषधाच्या दुकानात ती काउंटरवर उभी राहायची, ते अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत. मग गळ्यात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. आता ती दुकानाच्या मागच्या खोलीत खोकी फोडून औषधं लावायची. तिथे कुणाशी बोलावं लागत नव्हतं. ऑपरेशननंतर तिला भेटायला जी माणसं आली, ती सगळी तिच्यासमोर कुजबुजत बोलली होती, जणू घरात कुणी गेलं आहे. तो कीव करणारा आवाज पुन्हा ऐकायचा नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं होतं. संगणकावर संगीत रचायला शिकवणाऱ्या या वर्गाचा अर्ज तिच्या मुलीनं भरला होता. "जा तर खरी, आई. नाही पटलं तर उठून ये," एवढंच ती म्हणाली होती.

"सर, मी वाचून दाखवू का?" गिटारवाल्या मुलीनं विचारलं.

"नको. मला त्यांचाच आवाज हवा. त्याशिवाय वर्गात कोण बोलतंय ते मला कळणार कसं?"

बाकीच्यांची ओळख आणि संगीताची पार्श्वभूमी सांगून झाली होती. बेकरीवाला लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा. दातांचे डॉक्टर नऊ वर्षं व्हायोलिन शिकले होते, "आईच्या इच्छेखातर, आणि शेजाऱ्यांच्या इच्छेविरुद्ध." गिटारवाली व्हिडिओ बघून शिकली होती. सगळे हसले होते, एकमेकांत मिसळले होते. आता सगळे तिच्याकडे बघत होते.

दार चार पावलांवर होतं. ती उठलीही. पण सर मान किंचित कलती करून वाट बघत उभे होते, घाई नसल्यासारखे, आणि त्या चेहऱ्यावर कीव कुठेच नव्हती. ती परत बसली. पर्समधून टॉर्चएवढं यंत्र काढलं, गळ्याला टेकवलं आणि बटण दाबलं.

"माझं स्वरयंत्र काढलंय." सपाट, गुणगुणता आवाज खोलीभर पसरला, दाढीचं मशीन बोलायला लागावं तसा. "आता हाच आवाज आहे. औषधाच्या दुकानात काम करते. संगीतातलं मला काही येत नाही."

बेकरीवाला स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. गिटारवालीचे डोळे भरून आले. झालं, तिला वाटलं. आता कुजबूज सुरू होणार.

"आवाज लक्षात राहील," सर नेहमीच्या, मोकळ्या आवाजात म्हणाले. "एक विचारू? या यंत्रानं बोलायला श्वास लागतो का?"

"नाही."

"मग तुम्ही प्रत्येक वाक्याआधी का घेता?"

यंत्र शिकवणाऱ्या बाईंनीही त्यावरून तिला कितीदा टोकलं होतं. गळ्याच्या भोकातून हवेचा आवाज होतो, शब्द नीट ऐकू येत नाहीत, नुसतं बटण दाबा आणि बोला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या. तिनं खूप प्रयत्न केला होता. ती खोड काही जात नव्हती.

"सवय आहे," ती म्हणाली.

"हो, पण कसली?" सरांनी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. "छोट्या वाक्याला तुम्ही छोटा श्वास घेतलात, लांब वाक्याला लांब. वाक्य सुरू व्हायच्या आधीच. बोलणारी माणसं असं करत नाहीत, काकू. ती बोलत सुटतात आणि मध्येच त्यांचा दम संपतो. पुढची ओळ किती लांब आहे ते आधी बघून जी श्वास भरतात, ती माणसं वेगळी. डॉक्टरांनी गळ्यातलं काढलं असेल. हे त्यांना सापडलेलं दिसत नाही. किती वर्षं गायलात?"

मग दातांचे डॉक्टर हळूच हसले, आणि त्यांच्यामागून बेकरीवालाही. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी जड, अकरा महिने वागवलेलं, सैल होऊन उतरलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही. समोरच्याला ते दिसणार नव्हतं, आणि बाकीच्यांना दिसलं तरी आता चालणार होतं.

तिनं यंत्र गळ्याला लावलं. श्वास घेतला, चोरून नव्हे, चांगला छाती भरून.

"एकतीस वर्षं," ती म्हणाली. "वृंदगानात. आणि पहिल्या रांगेत, बरं का."