पाच गाठी

"हा दोरा याच वाडीतल्या कुणीतरी बांधलाय," वनरक्षक मंगेशने मोबाइल रामाच्या नाकासमोर धरला.

फोटोत पाखराचा पाय होता. पिवळा, खवल्यांचा, आकडेदार नखांचा. पायात काळा दोरा, दोऱ्यात बिब्बा आणि दोऱ्याला पाच गाठी.

रामाने फोटोकडे धड पाहिलंही नाही. "आमी शेतकरी मानसं, साहेब. ससान्याच्या पायाला हात लावून बोटं तोडून घ्यायची हायत काय?" असं म्हणत त्याने दाराकडे पाहिलं. दारात आवडी उभी होती, त्याची बायको. तू तोंड उघडू नको, असं त्याची नजर सांगत होती. रानातलं पाखरू धरणं गुन्हा आहे, हे उंबरकोंडात पोरासोरांनाही ठाऊक होतं.

आवडीचे डोळे फोटोवरून हलेनात.

गाठी तिच्याच हातच्या होत्या. गेल्या माघात वालाच्या पिकावर पसरलेल्या जाळीत ते पाखरू अडकलं होतं. एखाद्या होल्या पाखरामागे सूर मारला असेल. तिने पदर टाकून त्याला धरलं, कोयत्याने एकेक फास कापला. कोंबड्यांच्या डालग्याखाली ठेवून तीन दिवस कलेजी भरवली. "कोंबड्या खानारीला कोंबडीचा पाहुनचार!" म्हणून रामाने वाडीभर हसं केलं होतं. चौथ्या दिवशी सोडताना आवडीचा हात अडला. या वाडीतून लांब जाणाऱ्या कुणालाही मोकळ्या पायाने धाडत नाहीत. लेक असो, वासरू असो, जननीदेवीच्या नावाने पाच गाठींचा दोरा बांधतात. तिने बांधला. पाखरू वाडीवरच्या कड्यावर गेलं आणि शिमग्यानंतर दिसेनासं झालं.

दसरा झाला तसा कड्यावर पुन्हा एक ससाणी येऊन बसू लागली. तीच, की दुसरी कोणी? कडा उंच, दोरा बारीक. कुणाला विचारावं तर आपणच पकडले जाणार.

काही वर्षांपूर्वी दरडी कोसळल्या त्या पावसात तिची लेक श्रुतिका बिरवाडीला सासरी होती. महाडात पाणी भरलं आणि पाच दिवस फोन लागला नाही. पाच दिवस आवडीच्या घशाखाली घास उतरला नाही. सहाव्या दिवशी एक अनोळखी माणूस चिखल तुडवत आला आणि उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "लेक सासरी सुखरूप आहे." पाणी प्यायला आणि गेला. त्याचं नाव विचारायचंही राहून गेलं होतं.

आवडी पायरी उतरून अंगणात आली.

"जित्ती हाय का ती?"

रामाने कपाळावर हात मारला.

"म्हणजे वहिनी, तुम्हीच?" मंगेश म्हणाला.

"मीच. काय करायचं ते नंतर कर. आदी सांग, जित्ती हाय का?"

मंगेशबरोबर आलेली मुलगी आत्तापर्यंत तीन पायांवर दुर्बीण उभी करण्यात गुंतली होती. सेजल तिचं नाव, पाखरांचा अभ्यास करणारी. ती उठली आणि तिने मंगेशच्या हातातला मोबाइल घेतला. "मंगेशदादा, घाबरवू नका हो. मामी, हा फोटो इथला नाहीच."

तिने बोट फिरवलं. पडद्यावर एक उजाड नदीकाठ आला. झाड नाही, झुडूप नाही, नुसतं शेवाळं आणि दगड. दगडात तेच पाखरू, आणि त्याच्या पुढ्यात कापसाच्या बोंडांसारखी तीन पिल्लं.

"हा टुंड्रा. उत्तरेचं टोक. वर्षातले आठ-नऊ महिने बर्फ. तिथली माणसं तीस वर्षं या एका काठावर पाखरं मोजतायत. तिथे एक गुबगुबीत उंदीर असतो. तो वाढला की कोल्हे त्याच्या मागे लागतात, पाखरांच्या घरट्यांकडे फिरकत नाहीत. मग ससाण्यांची पिल्लं जगतात."

"म्हंजे उंदरावर सगळा संसार चालतो म्हन की."

"अगदी तसंच. उंदीर, कोल्हे, अंडी, सगळ्याची नोंद आहे त्यांच्याकडे. फक्त थंडी पडली की त्या काठावरची पाखरं कुठे जातात, ते तीस वर्षांत कळलं नव्हतं. गेल्या आषाढात त्यांना हिच्या पायात दोरा दिसला. ही कुणाची खूण, असं विचारत त्यांनी सगळ्या जगाला फोटो धाडला. मी बघितला आणि उडालेच."

सेजलने सलवारीची कड वर घेतली. घोट्यावर काळा दोरा होता. पाच गाठी. "माझी आई सोनाबाई, याच वाडीची."

"सोनीची लेक तू?" आवडीने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली.

"पुन्हा मात्र असं बांधू नका हं मामी, पाय अडकून पाखरू मरतं कधी कधी. आता इथून बघा."

आवडीने दुर्बिणीला डोळा लावला. कडा एकदम अंगणात आला. ससाणी मान वळवून खाली दरीकडे बघत होती. पायात दोरा होता, विटलेला, बिब्बा गळालेला. सारी पृथ्वी पालथी घालून आलेला.

"माहेरपनाला येते, असं समजत व्हते मी," ती पुटपुटली.

"जन्म तिचा तिकडचा, मामी. माहेर तिकडेच."

आवडीने पुन्हा दुर्बिणीला डोळा लावला. तीस वर्षं त्या लोकांना पत्ता नव्हता. इथे तिला पाच दिवस निघाले नव्हते.

"त्या लोकांना आज उत्तर धाडायचंय," सेजल म्हणाली. "काय लिहू?"

आवडीने डोळे पुसले, पदर सारखा केला. भरल्या घरची बाई पाहुण्यांसमोर उभी राहते तशी ती ताठ उभी राहिली.

"लिही, विहीनबाई, घोर करू नका. तुमची लेक इथं उंबरकोंडाला, सासरी सुखरूप हाय."