गावचा भाव

बिदरच्या किल्ल्यावर आलेला माणूस गावचा की बाहेरचा, हे सिद्धव्वाला त्याने तोंड उघडायच्या आत कळायचं. दरवाज्यावर दगडात कोरलेले दोन वाघ आहेत. बाहेरचा माणूस मान वर करून ते वाघ बघतो. गावचा बघत नाही. त्याची नजर खाली, फुटक्या दगडावर. लहानपणी तिथे अंगठा फोडून घेतला नाही असं पोर गावात सापडायचं नाही.

ती दरवाज्याशी गोणपाट टाकून जाम विकायची. पेरूला तिकडे जाम म्हणतात. मान खाली असली की वाटा एक आण्याला, तोही निजामाच्या हाली नाण्यात. त्यावर यथेच्छ घासाघीस, आणि सौदा जमला की वर एक जाम फुकट. मान वर गेली की तोच वाटा दोन आणे, हिंदुस्थानी कलदार नाण्यात, आणि वर काही नाही. यात तिला पाप वाटत नव्हतं. "मोटारीतनं आलेल्याला भाव करायची लाज वाटती," ती म्हणायची, "मग त्येला उगं कामून लाजवायचं?"

त्या दुपारी हैदराबादकडची मोटार येऊन थांबली. गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण उतरला, मागोमाग त्याची बायको. दोघांच्या माना वर गेल्या. सिद्धव्वाने वाटे सारखे केले. मग बुरख्यातली एक बाई उतरली. तिने वाघांकडे बघितलं नाही. खाली बघत आली आणि फुटक्या दगडापाशी नेमका पाय उचलून पलीकडे टाकला.

बाई गोणपाटापुढे बसली आणि तिने नकाब वर केला. रसूलबी!

भिंतीला भिंत लागून दोघींचे संसार झाले होते. बाजारात रसूलबी भाव करायला बसली की बागवान हात जोडायचा, "घे बाई, फुकट घे, पण ऊठ." ती त्याची सात पिढ्यांची उणीदुणी काढायची, भाव पाडायची आणि अर्धा माल हसत सिद्धव्वाच्या ओटीत टाकायची. पोलीस ॲक्शननंतर एका सकाळी सिद्धव्वाने भिंतीवरून हाक मारली, तर पलीकडून ओ आली नाही. सगळं घर कराचीला गेल्याचं तिला त्या बागवानाकडून कळलं. गेली त्याचं दुःख होतंच. सांगून गेली नाही, हे मात्र काळजात रुतून बसलं होतं.

आता तीच समोर बसली होती. केस पिकलेले, गाल आत गेलेले. सिद्धव्वाला तिला पोटाशी धरायचं होतं आणि एक ठेवूनही द्यायची होती. हात मात्र जागचा हलला नाही.

"जाम कसं दिलीस गं, अक्का?" रसूलबीने विचारलं. आवाज दबका होता, बोली तीच.

"दोन आणे वाटा," सिद्धव्वा म्हणाली. "कलदार."

म्हणाली आणि वाट बघू लागली. आता ही कंबरेवर हात ठेवणार. 'कलदार? मला कलदार सांगायलीस? जीभ कशी झडली न्हाई तुजी?' म्हणून किल्ला डोक्यावर घेणार. मग सिद्धव्वाही सोडणार नव्हती. 'अन् तू? न सांगता कामून गेलीस?' एकदा भांडण पेटलं की दोघी मनसोक्त रडल्या असत्या. त्यासाठीच तर तिने भाव चढवून सांगितला होता.

रसूलबीने तिच्या तोंडाकडे बघितलं, मग जामांच्या वाट्याकडे. ओठ हलल्यासारखे झाले.

"बरं," ती म्हणाली.

बटव्यातून दोन आणे काढून तिने गोणपाटाच्या कडेला ठेवले. हातात दिले नाहीत. एक वाटा ओढणीत गुंडाळला. वरचा जाम मागितला नाही.

"ख़ालाजान, चलिए," तरुणाने मोटारीपासून हाक दिली. "मग़रिब की नमाज़ से पहले पासपोर्ट लेकर थाने में हाज़िरी देनी है आपको."

ती उठली. नकाब खाली घेण्याआधी दरवाज्याखाली थांबली आणि मान वर करून दोन्ही वाघांकडे बघत राहिली, पहिल्यांदाच बघितल्यासारखी. मग मोटारीत जाऊन बसली.

सिद्धव्वाला तेव्हा कुठे पाय फुटले. टोपलीतला सगळ्यात मोठा जाम उचलून ती धावली. "रसूले! अगं, भाव तर कर!" तोवर मोटार वळली होती. धुरळा तिच्या तोंडावर आला.

ती परत आली तेव्हा शेजारी चुरमुरे विकणारी ईरम्मा गालाला हात लावून बसली होती.

"काय नशीब गं तुजं! दोन आणे कलदार, अन् घासाघीस बी केली न्हाई बाईनं," ती म्हणाली. "कुठल्या मुलखाची हुती?"

सिद्धव्वाने हातातला जाम पदराने पुसला. कोरडा झाला तरी पुसतच राहिली.

"शेजारची," ती म्हणाली.