बारा मुलींची यादी

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण रंधा परवा म्हणाला, "लिही बाबा, माझं नाव तेवढं घालू नकोस." म्हणून टोपणनावच ठेवतो.

रंधा म्हणजे आमच्या शाळेतला सुतारकामाचा मास्तर. कुणी काही बोललं की त्याची एक पातळ साल काढल्याशिवाय याला चैन पडत नाही, म्हणून रंधा. मी ऑफिसात. फॉर्म घ्यायचे, याद्या टाईप करायच्या, फोन उचलायचा.

शाळा खाजगी, पहिल्यापासून फक्त मुलांची. वर्ग रिकामे व्हायला लागले तेव्हा संस्थेने ठरवलं, आता मुलीही घ्यायच्या. पण अट घातली. आठवीला बारा मुली मिळाल्या तर शाळा चालू, नाहीतर वर्षअखेरीस कुलूप.

रंधाला इथे एकवीस वर्षं झालेली. पन्नाशीतल्या सुतारकामाच्या मास्तराला दुसरीकडे कोण घेणार? "मी आता नुसता स्टुलं ठोकायच्या लायकीचा," असं म्हणायचा. हसायचा नाही.

आधी चाचणीचा एक दिवस ठरला. ज्यांना यायचंय त्या मुलींनी एक दिवस वर्गात बसून बघायचं, आणि संस्थेच्या माणसांनी त्यांना बघायचं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, सगळ्यांना बोलावलं. "आपापल्या ओळखीत सांगा. शाळा आपली आहे."

फॉर्म येत गेले. आठ, नऊ, दहा. रंधाने स्टाफच्या अर्ध्या संडासाला वेगळं दार बसवलं. आतून दोन कड्या.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक पोरींसाठी, एक त्यांच्या आयांसाठी."

त्या दिवशी बरोबर बारा जणी आल्या. संस्थेची माणसं दारातून डोकावून खूश होऊन गेली. मुली फार शिस्तीच्या. आपापसात बोलणं नाही, दंगा नाही. शाळा सुटली तशा भराभर पांगल्या. एकीचेही आईबाप फीची चौकशी करायला थांबले नाहीत.

"बघितलंत?" मोठे सर म्हणाले. "केवढा विश्वास आहे लोकांचा!"

संध्याकाळी मी वर्कशॉपमध्ये गेलो. रंधा भुसा झाडत होता.

"एक सांगू?" तो म्हणाला. "यादीतली बारावी मुलगी माझी पुतणी. वहिनीच्या हातापाया पडून आणली. एका दिवसापुरती."

मी स्टुलावर बसलो. "दहावी माझी मामेबहीण."

तो झाडू धरून बघतच राहिला. "म्हणजे दहाच."

"दहा काय कमी आहेत? दोघींचा ऐनवेळी विचार बदलला म्हणू. दोन कमी पडल्या म्हणून कुणी शाळा बंद करत नाही."

"शाळेचं सोड. त्या दहा जणींच्या घरच्यांनी बारा बघून हो म्हटलंय. फसवलं रे आपण त्यांना."

"नोकरी हवी ना तुला?"

"हवी. म्हणून तर तोंडातून शब्द फुटला नाही."

प्रवेश सोमवारी. जुनी शाळा सोडल्याचा दाखला आणून द्यायचा, पाच वाजेपर्यंत. मी सकाळपासून शिक्का घेऊन बसलो. रंधाही तास नसला की येऊन बसायचा.

बारा वाजले. कुणी नाही. गणिताच्या बाई तीनदा डोकावल्या.

"किती झाल्या?"

"अजून एकही नाही, बाई."

 मग संगीताचे सर आले. मग शिपाईकाका, दोनदा.

तीन वाजता रंधा उठला. "सांगून टाकतो मी."

मी हात धरला. त्याने झटकला आणि सरळ मोठ्या सरांच्या खोलीत शिरला. मी मागोमाग.

"सर, बारावी माझी पुतणी आहे. काय शिक्षा द्यायची ती द्या."

आता गप्प बसणं बरं दिसेना. "दहावी माझी बहीण," मी म्हणालो.

मोठ्या सरांनी चष्मा काढला. पुसला. मग यादी पुढे ओढली, दोन नावांवर रेघ मारली. थोडं थांबून तिसरी मारली.

"सातवी माझी भाची."

नंतर एकेकाला बोलावलं. गणिताच्या बाईंनी दोन नावं दाखवली, घरमालकिणीच्या जुळ्या नाती. संगीताच्या सरांच्या दोन. ग्रंथपालांची एक, विज्ञानाच्या सरांची एक. शिपाईकाकांच्या तर शेजारच्या दोघी.

"काका, तुम्हीसुद्धा?"

"सर, तुम्हीच म्हणालात ना, शाळा आपली आहे."

कुणी हसलं नाही. सगळ्यांचा हिशेब एकच होता. बाकीच्या खऱ्या असतील, आपली एक-दोन नावं खपून जातील.

साडेचार वाजता अकरा नावांवर रेघा होत्या. एकच उरलं, तिसरं.

"ही कुणाची?" मोठ्या सरांनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आता लाजून काय होणार आहे? बोला."

माळ्याला बोलावलं. त्याने मान हलवली. रखवालदाराने शपथ घेतली. मोठ्या सरांनी यादी दुमडली. "जाऊ द्या. ज्याची असेल त्याने मनात ठेवावं. सगळं संपलंच आहे."

तेवढ्यात दार वाजलं. एक माणूस, अंगात कारखान्याचा शर्ट, धापा टाकत. मागे एक मुलगी.

"पाच वाजले नाहीत ना, साहेब?" त्याने टेबलावर दाखला ठेवला. "जुन्या शाळेने बजावलंय, एकदा सोडली की परत घेणार नाही. पण हिने हट्टच धरला. म्हणे, तिथे अकरा जणी आहेत सोबतीला."

मुलीने खोलीभर बघितलं. एवढे शिक्षक एकदम बघून जरा बावरली.

"बाकीच्यांचं झालं का?" तिने विचारलं. "मी शेवटची?"

रंधा खाली मान घालून माझ्या कानाशी पुटपुटला, "मला नाही जमणार रे हिला सांगायला."

"मी सांगतो," मी त्याला शब्द दिला.