मिसाका खिंडीतला शेजारी

"पिवळ्या छत्रीवाले तुम्हीच का?"

मिनोवानं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. मागे चाळिशीची एक बाई उभी होती. पायात शहरी बूट, चढ चढून नाक लाल झालेलं. नोव्हेंबरात एवढ्या सकाळी मिसाका खिंडीत फोटोवाल्यांशिवाय कुणी येत नाही, आणि हिच्याजवळ तर कॅमेरा नव्हता.

"छत्री पिवळी आहे खरी," तो म्हणाला. दव पडू नये म्हणून ती ट्रायपॉडलाच बांधलेली होती.

बाईनं वाकून नमस्कार केला. तोगाशी असं सासरचं आडनाव सांगितलं. "माझे बाबा इथं तुमच्या शेजारी उभे राहायचे. ऑगस्टमध्ये गेले ते."

मिनोवानं डावीकडे पाहिलं. कुठंही गेलं तरी शेजारची ती जागा उन्हाळ्यापासून रिकामीच असायची. गुडघे धरले असतील, नाहीतर कंटाळले असतील, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

अकरा वर्षं. जानेवारीत मोतोसू तळ्याच्या काठी, एप्रिलमध्ये कावागुची तळ्याकाठच्या चेरीखाली, पावसाळ्यात जरा उघडीप मिळाली की जिथं मिळेल तिथं, आणि पानं लाल झाली की इथं. ठरवून कधीच नाही. फुजीचा डोंगर ज्या जागेवरून चांगला दिसणार, तिथं दोघंही पोचलेले असायचे. "ढग हटेल?" "हटेल. दहा मिनिटांत." यापलीकडे बोलणं फारसं गेलं नव्हतं. शेजाऱ्याचं नावसुद्धा मिनोवाला ठाऊक नव्हतं. पहिल्या वर्षी विचारायचं राहिलं, पुढे विचारायची लाज वाटू लागली. आता त्याच्या मुलीसमोर तर सोयच नव्हती.

"फार वाईट झालं," तो म्हणाला.

ती पार उत्तरेकडच्या साप्पोरोहून, वडिलांचं कोफूचं घर रिकामं करायला आली होती. "चार हजार फोटो निघाले. सगळे फुजीचे. बर्फातला, फुलांतला, ढगातला. आमचा एकही नाही. आणि ही वही निघाली."

तिनं ती उघडून त्याच्यापुढे धरली. तारीख, जागा, वारा, ढग आणि प्रत्येक नोंदीखाली एक ओळ. 'पिवळ्या छत्रीवाले आले होते.' 'आले होते.' 'आले होते, खोकत होते.' मग फेब्रुवारीचं एक पान: 'पिवळ्या छत्रीवाले नाहीत. तिसरा रविवार.'

त्या फेब्रुवारीत मिनोवा न्यूमोनियानं अंथरुणाला खिळला होता, आपल्याच धुलाईच्या दुकानावरच्या खोलीत. कपडे कधी मिळतील, एवढं विचारायला तेवढी माणसं आली होती. त्यानं ती ओळ दोनदा वाचली.

"आमच्याशी ते बोलायचेच नाहीत," ती म्हणाली. "म्हटलं, तुमच्याशी तरी बोलत असतील. काय बोलायचे हो?"

'तुमचं फार कौतुक करायचे' हे वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण ती त्याच्याकडे, डाग जाईल का असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकासारखी बघत होती, आणि गिऱ्हाइकाला त्यानं कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"ढगांबद्दल," तो म्हणाला. "नुसतं ढगांबद्दल."

तिनं मान हलवली. वही पिशवीत टाकली.

"आणि लवकर निघायचे," मिनोवा घाईनं म्हणाला. "पावणेनऊला. ऊन कितीही सुरेख पडलेलं असो. मी चिडवायचो, बायकोचा धाक दिसतोय! ते नुसते हसायचे."

"आई जाऊन चौदा वर्षं झाली."

मिनोवाची मान खाली गेली. तो म्हणाला, "एकदा शिखरावर ढगाची टोपी चढली होती. तशी क्वचितच चढते. सगळे वेड्यासारखे फोटो काढतायत आणि हे आपले ट्रायपॉड मिटतायत. मी म्हटलं, अहो, आज तरी थांबा! तर म्हणाले, दहाला घरी पोचायलाच हवं."

"रविवार होता?"

"माझं दुकान रविवारीच बंद असतं."

बाईनं इतक्या वेळात पहिल्यांदाच डोंगराकडे पाहिलं.

"रविवारी दहाला मी फोन करायचे," ती म्हणाली. "घरच्या फोनवर. मोबाइल घ्यायला ते तयारच नव्हते. दोन मिनिटं बोलायचो. कधी तेवढीही नाही. 'तिकडं थंडी आहे का?' विचारायचे. साप्पोरोत, जानेवारीत! मी म्हणायचे, बाबा, गॅसवर काहीतरी ठेवलंय, ठेवते फोन."

तिनं हातमोज्यानं नाक पुसलं. मिनोवानं थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. तो तिनं उभ्या उभ्या, चटका बसतोय याचीही पर्वा न करता पिऊन टाकला. मग दोन पावलं डावीकडे सरकून ती त्या रिकाम्या जागेवर जरा वेळ उभी राहिली. खाली कावागुची तळ्यावर धुकं विरत होतं. फुजी पायथ्यापासून टोकापर्यंत उघडा पडला होता.

"बस चुकेल माझी," ती म्हणाली आणि खोल वाकून नमस्कार करून निघाली.

ती पायवाटेच्या वळणापर्यंत पोचली असेल नसेल.

"अहो!" मिनोवा ओरडला.

ती वळली.

"त्यांचं नाव काय होतं?"

एवढ्या लांबूनही त्याला दिसलं, ती क्षणभर जागच्या जागी थिजली. मग तिनं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि नाव सांगितलं. वारा आडवा होता. मिनोवापर्यंत अर्धंच पोचलं.

त्यानं हात उंच करून, कळलं, अशी खूण केली.