वगळायची ओळ

टुणटुण वाजून वॉशिंग मशीन थांबलं. मांडीवर डोकं ठेवून झोपलेली लेक चाळवली. तापाने तिचं कपाळ अजून कढत होतं. आईने एका हाताने तिला थोपटलं. दुसरा हात लॅपटॉपवर चालूच राहिला.

कंपनीच्या चाळीस शाखांचे कागद, पत्रं, निरोप आता एकाच जागी आले होते. पाच वाजल्यापासून कामगारापासून मॅनेजरपर्यंत कुणीही शब्द टाकला की हवं ते सापडणार होतं. कुठे शोधायचं आणि काय वगळायचं, हे सांगणारी स्क्रिप्ट तिची.

फोन गुरगुरला. सर.

“ती ओळ घातलीस ना? पत्रा कापायच्या मशीनच्या तक्रारी वगळायची?”

“नाही, सर.”

“अगं, पुसून थोडंच टाकतोय? जागच्या जागी राहतील. नुसत्या शोधात यायच्या नाहीत. झाकली मूठ…”

“त्या मुठीत तीनच बोटं उरलीत, सर.”

चाचणी घेताना तिने तो फोल्डर उघडला होता. मशीनला जाळी बसवा, अशा अकरा तक्रारी. शेवटची एका फिटरची: ‘उजव्याची दोन बोटं मशीनने नेली. डाव्या हाताने टाइप करतोय, चुका समजून घ्या.’

फोनमधून सरांच्या केबिनचं दार लागल्याचा आवाज आला.

“काहीही वगळलं की स्क्रिप्टमध्ये लिहावं लागतं, कुणी सांगितलं आणि का,” ती म्हणाली. “तुमचं नाव लिहू?”

“पोरीच्या आजारपणात डोकं ठिकाणावर नाही तुझं. उद्या तुझ्या जागी दुसरा बसेल.”

“बसू दे. तोही नाव विचारेल.”

फोन कट झाला.

पाचच्या ठोक्याला तिने स्क्रिप्ट चालवली, त्या ओळीशिवाय. स्क्रीनवर चाळीस शाखा एकेक करून हिरव्या झाल्या. मग साध्या कामगाराच्या लॉगिनने तिने ‘जाळी’ एवढंच टाकलं. सगळ्यात वर डाव्या हाताची तक्रार आली.

तिने लॅपटॉप मिटला. आत्ता कुठे तिचे दोन्ही हात मोकळे झाले. ते तिने लेकीच्या कपाळावर ठेवले. कपाळ गार होतं, घामाने ओलं.

लेकीने डोळे उघडले. “ताप गेला?”

“गेला गं माझ्या राणीचा.”

“मग उद्या तू ऑफिसला जाणार?”